भारुडाचे रिंगण आणि नाथांचे रंगमंदिर

छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौक हे नाव ज्या स्मृतीशी निगडित आहे ती स्मृती मोठी दारुण आहे. १८५७ च्या जून महिन्यात हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील शिपाई येथल्या छावणीत इंग्रजांविरुद्ध उठले. पुण्याच्या बाजूने जनरल वुडबर्नचे सैन्य चालून आले, आणि पकडलेल्या शिपायांपैकी कित्येकांना देहदंड झाला. कोणाला गोळी घालण्यात आली, कोणाला तोफेच्या तोंडी दिले. चौकातील काळा चबुतरा ही त्या प्रसंगाची खूण म्हणून दाखवितात. २०२२ साली याच चौकात छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा नव्याने उभा राहिला आणि चौकाला दुसरी एक ओळख मिळाली. येथून जवळच, उस्मानपुऱ्यात, महानगरपालिकेचे संत एकनाथ रंगमंदिर आहे. नाटकांच्या जाहिराती वाचणाऱ्यांच्या नजरेखालून हे नाव इतक्या वेळा गेलेले असते की, नाट्यगृहाला एका संताचे नाव कशासाठी, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात उभा राहत नाही.

वास्तविक तो प्रश्न विचारण्यासारखा आहे. पुरस्कारांनी भूषविलेला एखादा लोककलावंत आपल्या साथीदारांसह अशा रंगमंदिरात भारूड सादर करतो, तेव्हा शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह यांची रीत पार पडते, दिवे मंदावतात, ध्वनिक्षेपकातून टाळांचा गजर उसळतो आणि खुर्च्यांत बसलेला शिष्ट समाज टाळ्या वाजवितो. आपण पूर्वजांच्या ठेव्याचा मान राखला, या समाधानात मंडळी घरी जातात. ते समाधान अगदीच खोटे असते असे नाही. तथापि उघड्यावरची ही कला छपराखाली येईपर्यंत तिने काय काय मागे टाकले, आणि ज्यांच्यापासून ती घेतली त्यांचे पुढे काय झाले, हा इतिहास त्या समाधानाइतका सरळ नाही.

एकनाथ हे या प्रदेशाचेच. जन्म पैठणचा, सुमारे १५३३ चा. देहावसान शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीचे, म्हणजे १५९९ चे. त्या वेळी औरंगाबाद हे शहरच नव्हते. मलिक अंबराने खडकी गावी आपली नगरी वसविली ती १६१० मध्ये, नाथांच्या पश्चात अकरा वर्षांनी. नाथांच्या आयुष्याची दोन टोके म्हणजे गोदाकाठचे पैठण आणि देवगिरीचा किल्ला. देवगिरीवर त्यांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीचे किल्लेदार होते, आणि तरुण एकनाथ त्यांच्याकडे राहून अध्यात्माबरोबर हिशेबाची वहीही सांभाळीत. हिशेबातली एका पैची चूक रात्रभर जागून त्यांनी शोधून काढली, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहे. आख्यायिकेचा पुरावा मागू नये. पण याच कवीने पुढे जमाखर्च, अर्जदास्त, कौलनामा, ताकीदपत्र अशा दप्तरी नावांची भारुडे रचली, एवढे मात्र ग्रंथात उघड दिसते. दरबारी कचेरीतला फार्सी शब्द उचलून त्यांनी त्याला परमार्थाचे काम दिले.

ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत १५८४ मध्ये सिद्ध करणारा, भागवताच्या एकादश स्कंधावर काशीत बसून प्रचंड टीका पूर्ण करणारा हा पंडित. संस्कृतातले ज्ञान प्राकृतात आणले म्हणून काशीच्या विद्वानांनी त्यांना जाब विचारला, असे चरित्रकार सांगतात. अशा माणसाच्या नावावर सुमारे ३०० भारुडे आहेत आणि त्यांचे विषय सव्वाशेच्या घरात जातात. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, पोतराज, बाळसंतोष, फकीर, दरवेशी, गारुडी, डोंबारी, कोल्हाटी, कैकाडी, वैदू, जागल्या, महार: गावाच्या वेशीबाहेर राहणारा किंवा वेशीतून सकाळी येऊन संध्याकाळी निघून जाणारा बहुतेक प्रत्येक जण येथे स्वतःच्या तोंडाने बोलतो. हे लोक नाथांनी कल्पनेने निर्माण केलेले नाहीत. ते पैठणच्या गल्ल्यांतून रोज फिरत होते. त्यांच्यापाशी आपापली गाणी होती, आपापले पोशाख होते, ललकारण्याची आपापली धाटणी होती. नाथांनी केले ते एवढेच की, त्या चालीत आणि त्या बोलीत दुसरा अर्थ भरला. हे 'एवढेच' किती मोठे आहे ते मराठी वाङ्मयात त्यापूर्वी शोधू गेल्यास कळते. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या नावावरही अशी काही रूपके आहेत. पण बाजारभर पसरलेला सारा समाज एका कवीच्या मुखाने बोलू लागला तो नाथांच्याच काळात.

'भारूड' या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून विद्वानांत वाद आहे. कोणी 'बहुरूढ' म्हणतात, कोणी भारुंड पक्ष्याकडे बोट दाखवितात. तो वाद बाजूस ठेवून प्रयोग पाहावा हे बरे. टाळकरी व मृदंगी अर्धवर्तुळात उभे असतात. सोंग घेतलेला कलावंत एकाएकी आत येतो तो विंचू चावल्याच्या वेदनेने तळमळत. तो लोळतो, ओरडतो, पाहणाऱ्यांतल्या एखाद्या जाड्या माणसाला धरून औषध विचारतो. लोक हसून हसून बेजार होतात. मग हळूहळू तो विंचू काम-क्रोधाचा असल्याचे आणि त्याला उतारा सत्त्वगुणाचा असल्याचे उलगडते, आणि निरूपण सुरू होते. जोशी येतो तोही पंचांग घेऊनच. परंतु त्याचे भाकीत धनलाभाचे नसते. देह हा गाव, मन हा त्या गावचा पाटील, आणि त्या पाटलाच्या कारभाराचा शेवट काय होणार ते तो सांगतो. बुरगुंड्याच्या भारुडात वरवर पाहता मूल होण्याचे आश्वासन आहे. निरूपणकार त्याचा अर्थ ज्ञान असा लावतात.

सुशिक्षित वाचकाला या दुसऱ्या अर्थाची फार घाई असते. वरचा अर्थ म्हणजे टरफल, ते फोडून टाकावे आणि आतला गर खावा, अशी त्याची समजूत. ती पुरती बरोबर नाही. रोडग्याचे भारूड घ्या. एक सून भवानीला नवस करते. सासरा, सासू, नणंद, एकेकाचे नाव घेऊन ती त्यांच्यापासून सुटका मागते आणि त्याच्या बदल्यात देवीला रोडगा कबूल करते. टीकाकार सांगतात की ही सारी माणसे म्हणजे अहंकारादी विकार होत, आणि सून म्हणजे मुमुक्षू जीव. सांगतात ते बरोबर आहे. परंतु जत्रेत हे भारूड रंगत असता कडेला बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात त्या विकारांचे निरसन झाले म्हणून नव्हे. चारचौघांत, सासूच्या देखत, जे बोलण्याची सोय नव्हती ते कोणी तरी देवाच्या नावाने बोलले म्हणून त्या हसतात. परमार्थाचे पांघरूण तेथे ऊब देते आणि झाकणही घालते. नाथ गृहस्थाश्रमी होते. हे त्यांना कळत नव्हते असे मानणे कठीण.

मात्र असे पांघरूण सर्वांनाच पुरले नाही. महाराच्या भारुडांत 'जोहार' हा शब्द वारंवार येतो. गावकामगार महाराने वरिष्ठांना करावयाचे ते वंदन. नाथांनी त्याच महाराच्या मुखातून शहाण्यासुरत्यांना उपदेश करविला, ही सोळाव्या शतकातील सामान्य गोष्ट नव्हे. अस्पृश्याच्या पोराला कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचविणारे नाथ, रानोबा महाराच्या घरी जेवणारे नाथ, या कथांनी पिढ्यान्‌पिढ्या मने हळवी केली. १९३५ साली प्रभात कंपनीने शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'धर्मात्मा' हा बोलपट काढला, त्यात बालगंधर्व एकनाथ झाले होते. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. सरकारी नियंत्रकांच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. विषय किती ज्वलंत होता ते यावरून कळते. पण पुढल्याच वर्षी, १९३६ मध्ये, गांधीजींना उत्तर देताना डॉ. आंबेडकरांनी नाथांच्या या कीर्तीची निर्भीड तपासणी केली. एकनाथ अस्पृश्यांत मिसळले ते जातिभेदाला विरोध म्हणून नव्हे, तर त्यापासून होणारा विटाळ गंगास्नानाने धुता येतो या श्रद्धेने, असा त्यांचा रोखठोक अभिप्राय होता. संतांनी माणसे देवापुढे समान मानली, माणसांपुढे नव्हे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे मर्म. १९५० मध्ये याच औरंगाबादेत त्यांच्या संस्थेने मिलिंद महाविद्यालय काढले, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर मराठवाड्यातील हजारो कुटुंबांनी जोहार, पोतराजाचे केस, जोगव्याची परडी यांचा त्याग केला. ज्या सोंगात शहरातला प्रेक्षक परंपरा पाहतो, त्या सोंगातून बाहेर पडणे हीच या कुटुंबांची क्रांती होती. भारुडाविषयी बोलताना ही गोष्ट वगळली तर ते बोलणे अर्धे राहते.

कैकाड्यांचीही गोष्ट अशीच. भारुडात कैकाडी आणि कैकाडीण भविष्य सांगत येतात व श्रोत्यांना रिझवतात. प्रत्यक्षात १८७१ च्या गुन्हेगार जमातींविषयीच्या कायद्याने आणि त्याच्या पुढील सुधारणांनी कैकाड्यांसारख्या भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. हजेरी, पहारे आणि तारेच्या कुंपणातील वसाहती त्यांच्या नशिबी आल्या. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा रद्द झाला. सोंग रंगभूमीकडे निघाले होते त्याच शतकात सोंगाचा मूळ धनी पोलिसांच्या वहीत अंगठा उठवीत होता.

रंगभूमीकडे निघालेल्या या वाटेवर पहिला मुक्काम यंत्रांचा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. रात्रभर चालणारे भारूड त्या तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे काय काय कापावे लागे ते सांगायला नको. धृपद राहिले, ठेका राहिला. प्रेक्षकांशी होणारी हुज्जत गेली आणि निरूपण तर साफच गेले. नभोवाणीने थोडा अधिक वेळ दिला. १९४७ साली देशी संस्थानांत मिळून पाच नभोवाणी केंद्रे होती, त्यांपैकी एक निजामाच्या राज्यातील औरंगाबादेत होते, ही गोष्ट आज खुद्द या शहरातही थोड्यांना ठाऊक असेल. नभोवाणीने लोकगीताला घराघरांत नेले हे तिचे ऋण मान्य करावे. पण सोंग तिला दाखविता येत नव्हते, आणि ऐकणाऱ्याला उलट उत्तर देता येत नव्हते.

दुसरा मुक्काम नाट्यगृहाचा, आणि तेथे शाहीर साबळे यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. कृष्णराव गणपतराव साबळे, जन्म १९२३, गाव वाईजवळचे पसरणी. 'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमाने त्यांनी वासुदेव, गोंधळ, भारूड, कोळीगीत असे सारे प्रकार एका संचात गुंफून शहरी रंगमंचावर उभे केले. त्यांच्या आवाजातले विंचवाचे भारूड असंख्य घरांत पोचले. नाथांचे नाव ज्यांनी शाळेतील पाठापलीकडे ऐकले नव्हते त्यांना ते तोंडपाठ झाले. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९९८ मध्ये पद्मश्री असे सन्मान त्यांना लाभले. २०१५ साली ते निवर्तले. मुंबईत १९४४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन नॅशनल थिएटरनेही पुढे लोककलांच्या संशोधनाचे केंद्र चालविले आणि 'खंडोबाचं लगीन'सारखे प्रयोग केले. त्या कामात गुंतलेले कवी अशोकजी परांजपे उत्तरायुष्यात औरंगाबादेस येऊन राहिले. भावगीतांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. मात्र खेड्यापाड्यांतला कलावंत हुडकून त्याला रंगमंचापर्यंत आणण्याचे त्यांचे काम तितकेच मोलाचे होते, आणि त्याची वाच्यता त्या मानाने कमी झाली.

रंगमंचावर आल्याने लाभ झाला तो खराच. कलावंताला मानधन ठरवून मिळू लागले, उन्हापावसाची चिंता मिटली, वृत्तपत्रात नाव छापून येऊ लागले. पूर्वी स्त्रीचे सोंग पुरुषच घेत. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांच्यासारख्या स्त्रीने भारुडाचा फड स्वतः उभा केला, आणि सुनेचे गाऱ्हाणे स्त्रीच्याच मुखातून ऐकताना त्याला वेगळीच धार आली. हानी झाली ती रिंगणाची. जत्रेतील प्रेक्षक उभा असतो, हलतो, टोमणा मारतो, आणि कलावंत तो टोमणा झेलून परत फेकतो. भारुडातील निम्मे वाक्चातुर्य असे जागच्या जागी जन्मते. नाट्यगृहातील प्रेक्षक अंधारात असतो. त्याचा चेहरा दिसत नाही. त्याला धरून औषध विचारता येत नाही. आणखी एक. पुरस्कार एका नावाला मिळतो, भारूड मात्र एकट्याचे कधीच नसते. धृपद उचलणारे झीलकरी, मृदंगावर प्रश्नाला उत्तर देणारा वादक, मुद्दाम वेडगळ शंका विचारून निरूपणाला वाट करून देणारा साथीदार, यांच्यावाचून तो मुख्य कलावंत पाच मिनिटेही उभा राहू शकणार नाही. मानपत्राच्या चौकटीत या मंडळींना जागा नसते.

असा प्रश्न केवळ महाराष्ट्रालाच पडला असे नाही. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरी १९२५ मध्ये एका नभोवाणी केंद्रावरून ग्रामीण गाणे-बजावणे ऐकविण्याचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला, तोच पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' या नावाने गाजला. डोंगराळ मुलुखातील शेतकरी व मजूर आपली सारंगी आणि बँजो घेऊन तेथे येत. १९४३ ते १९७४ पर्यंत हा कार्यक्रम रायमन सभागृहात होई. ती इमारत मुळात १८९२ साली उपासनेसाठी बांधलेली, आणि बैठकीही प्रार्थनामंदिरातल्या बाकांच्याच. १९७४ मध्ये कार्यक्रम नव्या, प्रशस्त नाट्यगृहात गेला तेव्हा जुन्या रंगमंचाच्या लाकडी जमिनीतून एक वर्तुळ कापून काढण्यात आले आणि नव्या रंगमंचाच्या मध्यभागी बसविण्यात आले. गायक आजही त्या वर्तुळात उभा राहून गातो. हा भाबडेपणा आहे असे कोणी म्हणेल. परंतु जागा बदलताना काही तरी मागे राहते, याची जाणीव त्या लोकांनी निदान सुतारकामात तरी नोंदवून ठेवली.

औरंगाबादेत ही जाणीव विद्यापीठाने जागविली. १९५८ मध्ये येथे मराठवाडा विद्यापीठ निघाले, आणि त्याच्या मराठी विभागातील डॉ. प्रभाकर मांडे यांनी भटक्या जमातींच्या पालांवर जाऊन त्यांची गाणी, विधी, अगदी त्यांच्या गुप्त भाषादेखील टिपून घेतल्या. 'लोकरंगभूमी' आणि 'गावगाड्याबाहेर' या त्यांच्या ग्रंथांची नावेच त्यांच्या दृष्टीची दिशा सांगतात. लोककला म्हणजे शोभेची वस्तू नसून ती बाळगणाऱ्या माणसांच्या पोटाशी आणि प्रतिष्ठेशी जोडलेली गोष्ट आहे, हे त्यांच्या लेखनातून सतत जाणवते. २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नव्वदीत पोचलेले असता, ते गेले.

आणि याच जिल्ह्याने निरंजन भाकरे दिले. सिल्लोड तालुक्यातील रहिमाबादचे हे भारूडकार. लोक त्यांना भारूडरत्न म्हणत. घेरदार अंगरखा, डोक्यावर मोठा फेटा, आणि त्यांच्या तोंडचा बुरगुंडा ऐकण्यासाठी लोक आवर्जून येत. नाथांनी काम-क्रोधाला विंचू केले. भाकऱ्यांनी दारू, तंबाखू आणि गावातली घाण यांना भारुडात आणून बसविले. काही शुद्धतावाद्यांना हे रुचत नसे. संतवाङ्मयाची सरकारी जाहिरात होते, असा त्यांचा आक्षेप. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. तथापि कचेरीतली अर्जदास्त आणि ताकीदपत्र उचलून त्यांत परमार्थ भरणाऱ्या नाथांचाच हा वारसा होता हेही विसरून चालणार नाही. भारूड ज्या दिवशी समोरच्या माणसाच्या रोजच्या दुखण्याविषयी बोलणे थांबवील त्या दिवशी ते केवळ पाठांतर उरेल.

मग साथ आली. २०२० च्या मार्चपासून नाट्यगृहे बंद झाली, जत्रा बंद झाल्या, पैठणची नाथषष्ठीची यात्राही रद्द झाली. छपराखालचा रंगमंच आणि उघड्यावरचे रिंगण हे भारुडाचे दोन्ही आधार एकाच वेळी सुटले, असे यापूर्वी क्वचितच घडले असेल. ज्यांचे पोट रोजच्या सादरीकरणावर, त्यांच्या घरी सन्मानचिन्हे होती; पण ती शिजवून खाता येत नाहीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या साथीतच निरंजन भाकरे यांचे निधन झाले. क्रांती चौकाजवळचे ते रंगमंदिर तर त्याच्याही आधीपासून दुरुस्तीच्या कामात अडकले होते, आणि काही वर्षे नाथांच्या नावाच्या या वास्तूत टाळ वाजलाच नाही.

पैठणला गोदावरीचे पात्रही पूर्वीचे राहिलेले नाही. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीच्या धरणाचा पाया घातला गेला, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले, आणि गावाच्या वरच्या अंगाला नाथसागर पसरला. साथ ओसरल्यावर फाल्गुन वद्य षष्ठीला दिंड्या पुन्हा येऊ लागल्या. दिवसभर उन्हात चालून आलेली मंडळी जेवण उरकतात, टाळ काढतात आणि मोकळी जागा पाहून उभी राहतात. तिकीट नसते, प्रमुख पाहुणे नसतात. कोणी तरी उपरणे कमरेला बांधून आत उडी घेतो, आणि कडेला बसलेली एखादी म्हातारी पहिल्याच ओळीला त्याला आडवा प्रश्न विचारते.